बागुलबुवाची रात्रपाळी

"झोप, नाहीतर बुवा येईल!" हे वाक्य लहानपणी ज्याच्या कानावर पडले नाही असा मराठी माणूस विरळाच म्हणावा लागेल. प्रत्येक घरचा बुवा वेगळा. कुणाचा झोळीवाला, कुणाचा पिंपळावरचा, कुणाचा पोलीस, तर कुणाचा सुई टोचणारा डॉक्टर. काम मात्र सगळ्यांचे एकच, मोठ्या माणसांचा त्रास वाचवणे. मूल घाबरते, डोळे घट्ट मिटते, आणि आपल्याला वाटते की ते झोपले. पुढे त्याच्या मनात काय चालते याचा विचार फारसे कोणी करीत नाही. मीही केला नव्हता. लहान मुलांना एकटे झोपायची भीती का वाटते आणि ती घालवायला आपण काय करू शकतो हा या लेखाचा विषय आहे. पण तो मला पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या घरात बुवा मीच आणून सोडला होता आणि त्याला घालवायला मला जवळजवळ चार महिने लागले.

आम्ही काळेवाडीत राहतो. नावात वाडी असली तरी आता वाडीचे काही उरलेले नाही. पवना नदीचा पूल ओलांडला की पलीकडे पिंपरी. तिथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे कारखाने चाकणपर्यंत पसरले. कारखान्यांबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर भाड्याच्या खोल्या आल्या. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, असेच लातूरकडून आले. चाकणला कंत्राटी कामावर आहेत. आठवड्याआठवड्याने पाळी बदलते. रात्रपाळी असली की नऊ वाजता डबा घेऊन फाट्यावर बसला उभे राहतात. आई घरी रबराचे लहान लहान भाग आणून त्यांच्या कडा कात्रीने छाटते. किलोवर पैसे मिळतात. नववीतला भाऊ, पहिलीतला धाकटा आणि मी अशी आम्ही तीन भावंडे.

मागच्या जूनपर्यंत आम्ही पाचजण दहा बाय बाराच्या एका खोलीत होतो. तिथे एकटे झोपण्याचा प्रश्नच नव्हता. अंथरुणे भिंतीपासून भिंतीपर्यंत एका ओळीत पडत. धाकटा आईच्या आणि माझ्या मध्ये. आईची कात्री चालू, माझे वाचन चालू, शेजारचा टीव्ही चालू, दिवा जळतो आहे, आणि त्या सगळ्यात हा पाय पसरून गाढ झोपलेला! त्याला झोपवावे लागते हेच आम्हाला माहीत नव्हते. जूनमध्ये त्याच गल्लीत दोन खोल्यांचे घर मिळाले. बाहेरची खोली आणि ओटा कामाला, आतली झोपायला. आतल्या खोलीवर पत्रा आहे आणि मागच्या बोळाकडे हातभर खिडकी. मला किती आनंद झाला होता! आयुष्यात पहिल्यांदा रात्री अकरापर्यंत कोणाची झोप न मोडता दिव्याखाली वाचता येणार होते. धाकट्याला नऊ वाजता आत पाठवायचे, दिवा घालवायचा आणि आपण बाहेर अभ्यासाला बसायचे, असा बेत होता.

तो पहिल्या रात्रीपासून फसला. दर पाच मिनिटांनी हा दारात. पाणी पाहिजे. लघवी लागली. डास चावतो. पोटात दुखते. ऑगस्टमध्ये चाचणी परीक्षा होती. एका रात्री पत्र्यावर पाऊस वाजत होता, मांजर का काहीतरी धडधड करीत वरून गेले, आणि मी वैतागून म्हणाले, "ऐकलंस? बुवा आलाय पत्र्यावर. जो पोरगा उठतो त्याला घेऊन जातो. गप पडून राहा." तो गप पडून राहिला. मी एक संपूर्ण प्रकरण वाचून काढले. हे सांगताना आज संकोच वाटतो, पण त्या रात्री मला युक्ती साधल्याचे समाधानच वाटले होते.

त्यानंतर तो आतल्या खोलीत जाईना. रात्री तर नाहीच, संध्याकाळी दप्तर आणायलासुद्धा नाही. चार वर्षांचा झाल्यापासून जे बंद झाले होते ते अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले. आईने मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली, उशाखाली अडकित्ता ठेवला. आणि एके दिवशी अप्पा डबा घेऊन निघाले तेव्हा त्याने मला हळूच विचारले, "ताई, बुवाला आज कुठली पाळी आहे?" मी हसले. त्याचा प्रश्न मात्र अगदी गंभीर होता. त्याच्या हिशेबाने अप्पा रात्रपाळीला गेले की बुवाही कामावर हजर होत असे.

याच सुमारास मानसशास्त्राच्या तासाला मॅडमनी 'भय कसे शिकले जाते' हा भाग घेतला. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन वॉटसन आणि रोझॅली रेनर यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पुष्कळांना ठाऊक असेल. अकरा महिन्यांच्या अल्बर्टपुढे पांढरा उंदीर सोडत. बाळाला त्याची मुळीच भीती नव्हती. मग तो उंदराला हात लावायला गेला की त्याच्या पाठीमागे पोलादी गजावर हातोडा मारीत. असे काही वेळा झाल्यावर नुसता उंदीर दिसला तरी अल्बर्ट रडू लागला. पुढे ससा, कुत्रा, लोकरी कोट यांनाही घाबरू लागला. ही भीती घालवून पाहण्याआधीच त्याला तेथून नेण्यात आले. आज असा प्रयोग करायला कोणी परवानगी देणार नाही. वर्गात सगळे त्या वॉटसनला नावे ठेवत होते. मी खाली मान घालून बसले होते. आमच्याकडे हातोड्याच्या जागी पत्रा होता एवढाच काय तो फरक!

तासानंतर मॅडमना सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता पीटरचं वाच." मेरी कव्हर जोन्स या बाईंचा तो १९२४ सालचा लेख. पीटर तीन वर्षांचाही नव्हता आणि सशाला घाबरत असे. बाईंनी काय केले? तो खायला बसला की पिंजऱ्यातला ससा लांब, त्याला रडू येणार नाही इतक्या अंतरावर ठेवायचा. रोज थोडा थोडा जवळ आणायचा. न घाबरणारी इतर मुले सशाशी खेळताना त्याला पाहू द्यायची. शेवटी पीटर सशाला मांडीवर घेऊन बसू लागला. मला या हकिगतीतला सर्वांत धीर देणारा भाग मात्र वेगळाच वाटला. मध्येच पीटर तापाने आजारी पडला, दोन महिने त्याचे येणे बंद झाले, आणि त्यात एक मोठा कुत्रा अंगावर आल्याने त्याची भीती होती तिथे परत गेली. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आपल्याकडे एक रात्र मूल शहाण्यासारखे झोपले आणि दुसऱ्या रात्री रडले तर "नाटकं करतो" म्हणून पाठीत धपाटा बसतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

वस्तुतः भीती हा काही दोष नव्हे. ती वयाबरोबर येते आणि बहुधा वयाबरोबर जाते. तान्हे मूल मोठ्या आवाजाने दचकते. आठव्या-नवव्या महिन्यात ते परक्या माणसाला पाहून रडू लागते आणि आई नजरेआड झाली की कासावीस होते, कारण आई 'आहे' आणि 'नाही' हा फरक त्याला तेव्हा कळू लागलेला असतो. अंधाराची, भुताखेतांची, पलंगाखालच्या प्राण्याची भीती साधारणपणे दोन-तीन वर्षांपासून पुढे दिसते आणि पाच-सहा वर्षांपर्यंत जोरात असते. या वयात कल्पनाशक्ती धावू लागते, पण कल्पिलेले आणि खरे यांतील कुंपण अजून पक्के झालेले नसते. म्हणजे ज्या शक्तीने मूल काठीचा घोडा करते त्याच शक्तीने ते खुंटीवरच्या सदऱ्याचा राक्षस करते. एक हवे आणि दुसरे नको असे म्हणता येत नाही. आणखी मोठे झाल्यावर चोर, अपघात, आईबापांचे मरण या खऱ्या गोष्टींची भीती येते.

आता एकटे झोपण्याविषयी. पुष्कळ इंग्रजी पुस्तकांत मूल वेगळ्या खोलीत झोपणे ही जणू मोठे होण्याची पहिली पायरी असल्यासारखे लिहिलेले असते. ते वाचून आपण आपल्या मुलांना मागासलेले समजायचे कारण नाही. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशातील भुवनेश्वर आणि अमेरिकेतील शिकागो येथील कुटुंबांत रात्री कोण कोणाशेजारी झोपतो याचा अभ्यास केला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. भुवनेश्वरच्या लोकांच्या दृष्टीने लहान मुलाला रात्री एकटे ठेवणे म्हणजे दुबळ्याला वाऱ्यावर सोडणे होते. आपल्याकडेही हेच नाही का? आमची आज्जी गावाकडून आली तेव्हा धाकट्याचे अंथरूण आत एकटे पाहून म्हणाली, "लेकराला काय वाळीत टाकलं का?" तेव्हा आईजवळ झोपणे ही वाईट सवय आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्यांच्या घरात सोय आहे आणि कोणाची तक्रार नाही त्यांनी खुशाल एकत्र झोपावे. प्रश्न येतो तो घर बदलले, धाकटे भावंड आले, आई कामाला जाऊ लागली, असे काही घडले की. कालपर्यंत ओळीत झोपणाऱ्या मुलाला आज अचानक अंधाऱ्या खोलीत एकटे पाठवायचे आणि वर "एवढा मोठा झालास तरी भितोस?" म्हणायचे, यात शहाणपण कोणते? आमच्याकडे तर आमची परिस्थिती सुधारली म्हणून त्याच्यावर ही पाळी आली!

मी पहिल्यांदा जे केले ते साफ फुकट गेले. त्याला जवळ घेऊन म्हटले, "अरे, बुवाबिवा काही नसतो. मी खोटं सांगितलं होतं." त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "मग तू तेव्हा खोटं बोललीस का आत्ता बोलतेस?" यावर काय बोलणार? आईने केरसुणी घेऊन ट्रंकेमागे, पिंपामागे आपटून बुवाला हाकलले. त्याने तर बुवा आहे यावर शिक्कामोर्तबच झाले, कारण नसलेल्या गोष्टीला कोणी केरसुणीने हाकलत नाही. अप्पांचे म्हणणे निराळे. त्यांनी सुट्टीच्या दिवशी त्याला आत नेऊन दार लोटून घेतले, "दहा मिनिटं बस, भीती मोडते." 'श्यामची आई'मध्ये श्यामला मारून पोहायला पाठवले होते, हा त्यांचा आधार. पण विहिरीत श्यामला सांभाळायला पोहणारी माणसे होती, ही गोष्ट आपण विसरतो. आमचा श्याम दोन मिनिटांत ओकला.

आर्थर जर्सिल्ड आणि फ्रान्सिस होम्स यांनी १९३५ साली मुलांच्या भीतीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरोघरी आईबाप कोणते उपाय करतात आणि त्यांतले कोणते लागू पडतात हे त्यांनी पाहिले. चिडवणे, जबरदस्तीने भीतीच्या तोंडी देणे, दुर्लक्ष करणे हे उपाय फारसे उपयोगी पडत नाहीत. भीतीच्या गोष्टीशी हळूहळू आणि स्वतःच्या हाताने व्यवहार करण्याची मुलाला संधी मिळाली, तिला तोंड देण्याचे काही कसब त्याच्या हाती आले, की भीती हटते. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले आणि भय व लालूच या दोन्ही गोष्टी शिक्षणातून हद्दपार करा असे आयुष्यभर सांगितले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डीला आणि कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह गरिबांच्या अंगणातच बालवाडी नेली. आज आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी अंगणवाडी आहे तिच्या नावाचे मूळ तिथले. या मंडळींनी मुलाला भीती घालणे हा मुलावर केलेला अन्याय मानला. माझ्यासारख्या सुशिक्षित म्हणवणाऱ्या मुलीला मात्र शंभर वर्षांनंतरही बुवाच आठवला.

म्हणून मी समजूत घालणे सोडून त्याला विचारायचे ठरवले. एका दुपारी पाटीवर चित्र काढत बसला होता. म्हटले, "बुवा काढ बघू." त्याने एक चौकोन काढला. "हे काय?" "दार." "आणि बुवा?" "तो बाहेर आहे." "तो काय करतो? खातो का पोरांना?" तो म्हणाला, "नाही. बाहेरून कडी घालतो."

मी पाहातच राहिले. मग तुकड्यातुकड्याने हकीगत कळली. जुलै महिन्यात एका संध्याकाळी तो लवकर झोपला होता. अप्पा कामावर, मी वाचनालयात, मधला भाऊ शिकवणीला. आई छाटलेला माल पोचवायला पलीकडच्या गल्लीत गेली, आणि मूल उठून रस्त्यावर जाऊ नये म्हणून बाहेरून कडी घालून गेली. मधेच वीज गेली. तो जागा झाला तेव्हा घरात कोणी नव्हते आणि दार उघडत नव्हते. आई वीस मिनिटांत परत आली तेव्हा तो दाराशी बसला होता. आईला वाटले, आत्ताच उठला. त्याने काही सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पुढे महिन्याभराने मी त्याला बुवाची गोष्ट सांगितली, आणि ती रात्र कोणी केली याचे उत्तर त्याला माझ्याकडून आयते मिळाले.

आईला हे सांगितले तेव्हा तिची कात्री थांबली. ती म्हणाली, "सगळ्याच बाया घालतात की कडी." खरे आहे. आमच्या भागात पाळीवर जाणाऱ्या, माल पोचवणाऱ्या, पाण्याला जाणाऱ्या कितीतरी आयांना दुसरा इलाज नसतो. सासू-जाऊ गावाकडे राहिलेली, शेजारीण तिच्या कामावर. घरात आग लागली, शॉर्टसर्किट झाले तर काय, हा विचारही प्रत्येकीच्या मनात येत असणार. मी त्यांना दोष देणार नाही. पण एवढे मला त्या दिवशी कळले की मुलाची अंधाराची भीती ही पुष्कळदा अंधाराची नसतेच. मी झोपल्यावर इथे कोण असेल, आणि उठेन तेव्हा कोण असेल, हा त्याचा प्रश्न असतो. 'बुवा नाही' हे त्याचे उत्तर नव्हे. 'मी आहे' हे उत्तर आहे, आणि ते खरे असावे लागते.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला. धाकटा झोपल्यावर गुपचूप सटकायचे नाही. जायचे असेल तर आधी सांगायचे: कोण जाणार, कधी येणार, तोपर्यंत घरात कोण राहणार. तो रडला तरी सांगायचे. चोरून गेल्याने त्या रात्रीचे रडणे वाचते, पण पुढच्या प्रत्येक रात्री मूल एक डोळा उघडा ठेवून झोपते. माल पोचवायचे काम मी आणि मधल्याने घेतले. कडी बंद झाली. आमच्यात दोन हाताशी आलेली भावंडे होती म्हणून हे जमले. ज्या घरात नाहीत तिथे शेजारणीशी आलटून पालटून बसण्याची सोय करता येते. आमच्या गल्लीत आता तीन घरांनी तशी केली आहे.

बाकीचे काम पीटरच्या पद्धतीने. आधी दिवसा त्या खोलीशी मैत्री केली. जेवण, पत्त्यांचा डाव, गृहपाठ, सगळे आत. शेजारच्या गच्चीवर नेऊन त्याला आमचा पत्रा वरून दाखवला: दोन विटा, एक फाटकी चप्पल आणि ऊन खाणारी मांजर. मग संध्याकाळी दिवा घालवून आवाज ओळखण्याचा खेळ. हा पाण्याच्या टाकीचा, हा मिक्सरचा, ही मांजर, हा उंदीर. मोबाईलच्या बॅटरीने भिंतीवर हाताच्या सावल्यांचे हरिण आणि कुत्रे केले. अंधारात लपवलेला चमचा शोधायला लावला. अंधार काही सेकंदांचा, मग मिनिटाचा, आणि दिव्याचे बटण कायम त्याच्या हाताशी. रात्री मी पहिले चार दिवस त्याच्या अंथरुणाशेजारी बसले. मग उंबऱ्यावर. मग बाहेरच्या खोलीत, पण त्याला माझी पाठ दिसेल अशी. उंबऱ्यावर अंधुक उजेडात टिपणे वाचून डोळे दुखत, पण सप्टेंबरचा महिना असाच काढला. "पाच मिनिटांनी बघून जाते" म्हटले की पाच मिनिटांनीच जायचे, त्याने हाक मारायच्या आधी. हाक मारल्यावर गेले तर हाक मारणे कामाला येते हे तो शिकतो. आधी गेले तर ताई येतेच, हे शिकतो. हा बारकावा मॅडमनी सांगितला आणि तो शंभर टक्के पटला.

आणखी दोन गोष्टींनी मोठी मदत झाली. कान्फर, कॅरोली आणि न्यूमन यांनी १९७५ साली पाच-सहा वर्षांच्या, अंधाराला घाबरणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला होता. काही मुलांना, मी शूर आहे, अंधारात मी स्वतःला सांभाळू शकतो, अशा अर्थाची वाक्ये म्हणायला शिकवली. काहींना अंधार छान असतो अशी, आणि काहींना नुसते बालगीत. पहिल्या गटातील मुले अंधारात सर्वांत जास्त वेळ राहू शकली. म्हणजे अंधाराची स्तुती करण्यापेक्षा मुलाला स्वतःच्या बळाची आठवण देणे बरे. हे आईला सांगितले तर ती म्हणाली, "मग भीमरूपी काय असतं?" समर्थ रामदासांचे मारुतीस्तोत्र दिवेलागणीला मुलांकडून म्हणवून घेणारी आपली जुनी माणसे मानसशास्त्र शिकली नव्हती, पण भीतीच्या वेळी मुलाच्या तोंडी बळाचे शब्द द्यावेत हे त्यांना ठाऊक होते. मारुती येऊन बुवाला मारील असे मात्र आम्ही सांगितले नाही. नाहीतर पुन्हा बुवा आलाच.

दुसरी गोष्ट इस्रायलमधली. २००६ सालच्या लेबनॉन युद्धात छावणीत आणलेल्या भेदरलेल्या मुलांना आवी सादे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कापडी कुत्रा दिला. हा बिचारा एकटा पडला आहे, त्याला तू सांभाळ, असे सांगून. त्या मुलांची भीती लक्षणीय कमी झाली. पुढे २०१२ साली रात्रीच्या भीतीसाठी हाच उपाय चार ते सहा वर्षांच्या मुलांवर करून पाहिला, तोही लागू पडला. सांभाळले जाण्याची सवय असलेल्या मुलाला सांभाळणारा केले की त्याचा आव बदलतो. आमच्याकडे विकतचा कुत्रा कुठला! आईने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा एक बाहुला शिवला, त्यात थोडे रबराचे तुकडे भरले. धाकट्याला सांगितले, हा गावाकडून नवा आलाय, याला रात्री करमत नाही. त्या रात्री उंबऱ्यावरून मी ऐकले, तो बाहुल्याला समजावत होता: "ती मांजर आहे. विटांवरून उडी मारती ना, म्हणून वाजतंय."

दिवाळीच्या आधी अप्पांना ओव्हरटाइम लागला आणि ते दोन दिवस घरी आले नाहीत. त्यात वीज गेली. सगळे मुसळ केरात! पुन्हा रडणे, पुन्हा ओले अंथरूण. मला पीटरचा ताप आठवला. पुन्हा अंथरुणाशेजारून सुरुवात केली. या वेळी आठ दिवस पुरले.

रात्री मूल किंचाळून उठते त्याचे दोन प्रकार असतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. वाईट स्वप्न बहुधा उत्तररात्री पडते. मूल पूर्ण जागे होते, आपल्याला ओळखते, काय दिसले ते सांगते, कुशीत घेतले की शांत होते. दुसऱ्या प्रकारात झोप लागल्यावर पहिल्या काही तासांतच मूल ओरडत उठून बसते, डोळे उघडे, घाम, छाती धडधडते, पण आपल्याला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हे 'बाहेरचे' नव्हे. ती गाढ झोपेतली अर्धवट जाग असते. त्याला हलवून उठवू नये, कुठे आपटणार नाही एवढे पाहावे. काही मिनिटांत ते आपोआप झोपते. शेजारच्या एका मुलीला यासाठी दोनदा गंडा बांधून आणला होता. अपुऱ्या झोपेने हा त्रास वाढतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून १० ते १३ तास आणि सहा वर्षांपुढे ९ ते १२ तास झोप लागते, आणि आमच्या गल्लीत मुले अकरापर्यंत मोबाईलवर भुतांचे व्हिडिओ पाहतात!

भीती चार आठवड्यांहून अधिक टिकली, मूल शाळेतही आईला सोडीना, जेवण कमी झाले, अंथरूण ओले होणे थांबेना किंवा झोपेत घोरते, श्वास अडतो असे दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मनाच्या तक्रारींसाठी सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलिमानस ही फुकट सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि मराठीतूनही बोलता येते.

मागच्या आठवड्यात अप्पांची रात्रपाळी पुन्हा लागली. ते निघताना धाकट्याने विचारले, "कधी येणार?" अप्पा म्हणाले, "सकाळी सातला, तू दूध पिताना." त्याने बाहुल्यालाही तसे सांगितले आणि आत गेला. मी बाहेर पुस्तक उघडले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "ताई, बुवाचं कंत्राट संपलं का?"

"अरे, बुवा नव्हताच."

"ते माहितंय मला. पण समजा असता, तर कुठं गेला असता?"

मी विचार करीत होते. आई कात्री न थांबवता म्हणाली, "गावाकडं." तेवढ्याने त्याचे समाधान झाले आणि तो झोपला.